साडेसहाची खरखर

ताई हॉस्पिटलमधून बारकीकडे राहायला आली, त्या सोमवारपासून बारकीच्या पोटात भीतीचा गोळा मुक्कामाला आला आणि जायचं नाव घेईना.

बारकी म्हणजे काही लहान पोर नव्हे. चोपन्न वर्षांची, पुढचे केस पिकलेली, शहराच्या वाचनालयात मागच्या खोलीत बसून अठ्ठावीस वर्षं फाटक्या पुस्तकांची बांधणी करणारी बाई. पण ताईने पाळण्यात ठेवलेलं नाव चिकटलं ते चिकटलं. आई लवकर गेली आणि सात वर्षांनी मोठ्या असलेल्या ताईने हिला वाढवलं. हिची फी भरायला ती शाळा सोडून गादीच्या कारखान्यात लागली. चाळीस वर्षं कापसाचा भुगा श्वासातून आत गेला आणि शेवटी फुप्फुसांनी हात टेकले. या जगात बारकीला दुसरं कोणी नव्हतं, ताईलाही नव्हतं.

ताईबरोबर एक मशीन आलं. गुडघ्याएवढं, चाकांवरचं, खोलीतली हवा ओढून त्यातला ऑक्सिजन नळीने नाकात सोडणारं. डॉक्टरांनी बारकीला बाजूला घेऊन बजावलं होतं, "हे दिवसरात्र चालू ठेवायचं. आंघोळीपुरतं काढा, एरवी नाही. आणि त्या खोलीत काडी ओढायची नाही, मेणबत्ती लावायची नाही. ऑक्सिजन गादीत, उशीत मुरून बसतो. मग एक ठिणगी पुरते. पेटलं तर तुम्ही दारापर्यंत पोचणार नाही."

झालं. त्या दिवसापासून बारकी घरात काडेपेटी ठेवीना. ताईची खोली म्हणजे दारूगोळ्याचं कोठार असल्यासारखी ती दबकत वावरायची. कामावर असताना दिवसातून चार फोन. झोपेतसुद्धा कान त्या मशीनच्या घरघरीवर. ताई म्हणायची, "अगं, मी मरायच्या आधी तूच भीतीने मरशील."

या सगळ्यात बारकीला एक तास स्वतःचा होता. इमारतीत तिला पाठीमागे रेडिओबाई म्हणत, ते याच तासामुळे. मीडियम वेव्हवर दिवसा आसपासची स्टेशनं तेवढी लागतात. दिवस मावळायला लागला की वरच्या हवेत काहीतरी बदलतं आणि हजारो मैलांवरचे आवाज तिथून परतून खाली यायला लागतात. ते पकडायचे, ही बारकीची हौस. गाणी ऐकायला नव्हे हो, भाषाही कळत नसे. स्टेशन शोधायचं, त्याचं नाव ऐकायचं, वहीत नोंदायचं आणि त्या स्टेशनला पत्र टाकायचं, की तुमचा अमुक वाजताचा कार्यक्रम मी इथे ऐकला, मध्ये दोनदा आवाज बुडाला, निवेदकाला सर्दी झाली होती. महिना-दोन महिन्यांनी तिकडून छापील कार्ड यायचं की होय, ते आम्हीच. अशी एकशे त्रेचाळीस कार्डं तिने जमवली होती. तेवढ्या वेळात लोक दोन भाषा शिकतात, पण ते तिला कोण सांगणार.

या हौसेत एक नियम दगडावरच्या रेघेसारखा असतो. स्टेशनचं नाव स्वतःच्या कानांनी ऐकल्याशिवाय वहीत लिहायचं नाही. वाटतंय म्हणून नाही, बहुतेक तेच असेल म्हणून तर मुळीच नाही. बारकीने एकदा एका स्टेशनसाठी चार वर्षं वाट पाहिली होती, सगळी लक्षणं जुळत असताना.

आणि हीच बाई घरातल्या घरात चुकली.

सोमवारी मशीन आलं. गुरुवारी संध्याकाळी बरोबर साडेसहाला तिच्या हेडफोनमध्ये खरखर सुरू झाली, चरचर भाजल्यासारखी, मध्येच फट्‍ असा आवाज करणारी. साडेसातला थांबली. एका दूरच्या बेटावरचं लहानसं स्टेशन ती महिनाभर शोधत होती, ते नेमकं त्या खरखरीखाली गाडलं गेलं. तांब्याची तार गुंडाळलेली लाकडी चौकट, म्हणजे तिचा घरगुती एरियल, तिने हाताने फिरवून पाहिली. चौकट जिकडून तोंड फिरवते तिकडचा आवाज मरतो. खरखर ताईच्या खोलीकडून येत होती, ताईच्या उशाकडून. मशीन तिथेच तर उभं होतं. बारकीने सुस्कारा टाकला आणि वहीत लिहिलं, "खरखर, साडेसहा ते साडेसात. ताईचं मशीन."

मशीन सोमवारी आलं तर खरखर गुरुवारी का, आणि दिवसभर चालणारं मशीन फक्त तासभरच का खरखरतं, हे तिने स्वतःला विचारलं नाही. एरवी आवाजाच्या बाबतीत ती कोणाची भीडभाड ठेवत नसे. लिफ्टमधला लुकलुकता दिवा तिने बदलायला लावला होता, इमारतीच्या मॅनेजरच्या फिशटँकच्या पंपावरून त्याच्याशी जाहीर भांडली होती. पण आपल्या बहिणीला कोण सांगणार, तुझा श्वास जरा बंद कर, मला स्टेशन ऐकू येत नाही? ती मुकाट्याने चौकट फिरवायची, खरखर जमेल तेवढी मारायची आणि उरलेल्या आवाजात बेट शोधायची.

रोज रेडिओ बंद करून ती बाहेर आली की ताई विचारायची, "आज लागलं का गं नीट?"

"लागलं की. छान लागलं," बारकी म्हणायची. आजारी माणसाशी इतपत खोटं कोण बोलत नाही?

असे अठरा दिवस गेले.

एकोणिसाव्या संध्याकाळी बेट अगदी हाताशी आलं होतं. सात वाजायला दीड मिनिट. एक बाई कसले तरी आकडे वाचत होती, बहुधा भरती-ओहोटीच्या वेळा. सातच्या ठोक्याला ती स्टेशनचं नाव सांगणार. बारकीने श्वास रोखून पेन्सिल वहीवर टेकवली. तेवढ्यात कानात असा कडकडाट झाला की तिने हेडफोन काढून टेबलावर आपटले.

घरात शांतता होती.

बारकीला क्षणभर कळलंच नाही की काय चुकतंय. मग कळलं. मशीनची घरघर नव्हती. तीन आठवडे जो आवाज तिने झोपेतसुद्धा सोडला नव्हता, तो आवाज नव्हता. ती उठली ती खुर्ची पाडूनच. मधल्या सहा पावलांत तिने ताईला मेलेली पाहिली, खांद्यावर नेली, परत एकटी घरी आली.

ताई पलंगावर उशीला टेकून बसली होती. डोळे मिटलेले, ओठ निळसर, छाती भात्यासारखी वरखाली. नळी नाकालाच होती. मशीनचं बटण बंद होतं.

"ताई!"

ताईने डोळे उघडले. चोरी पकडली गेल्यासारखी हसली. "झाला तुझा... कार्यक्रम? आज लवकर?"

"मशीन कसं बंद झालं? कधी बंद झालं?"

"मीच केलं. ओरडू नकोस. तासभरच तर करते रोज." ताई दर तीन शब्दांना थांबत होती. "तुझी वही... पाहिली होती मी, पहिल्या आठवड्यात. तुझ्या त्या रेडिओला माझ्या मशीनचा त्रास. तू काही बोलायची नाहीस, मला ठाऊक आहे. म्हणून साडेसहाला... बंद करते. तू तर म्हणतेस, छान लागतं."

बारकीने धावत जाऊन बटण दाबलं. मशीन घरघरलं. मग तिला राग आला, भीती ओसरली की येतो तसला. "अक्कल गहाण टाकलीस का तू? रोज? रोज तासभर? माझ्या त्या फालतू डबड्यासाठी? पुन्हा या बटणाला हात लावलास ना, तर तो रेडिओ खिडकीतून रस्त्यावर भिरकावून देईन, सांगून ठेवते!"

"बरं बाई, बरं," ताई म्हणाली. तिच्या ओठांवर हळूहळू रंग येत होता.

बारकी पलंगाच्या कडेला बसली. जीव भांड्यात पडला होता, पण पुरता पडेना. रडावं की हसावं कळेना. आणि मग, दोन्ही दारं उघडी असल्यामुळे, तिला तो आवाज ऐकू आला. पलीकडच्या खोलीत टेबलावर टाकलेल्या हेडफोनमधून बारीक, चरचर, फट्‍, चरचर.

मशीन आता चालू होतं, त्यामुळे खरखर असणारच, असं तिने मनाला सांगून पाहिलं. मन ऐकेना. आत्ता दोन मिनिटांपूर्वी मशीन बंद होतं आणि कान फाटतील एवढा कडकडाट झाला होता. काल बंद होतं, परवा बंद होतं. ताईने पहिल्या आठवड्यापासून रोज साडेसहाला ते बंद केलं होतं आणि वहीत रोज साडेसहाला खरखर होती.

मग खरखरतंय कोण?

"ताई, हलू नकोस," ती म्हणाली. का म्हणाली तिलाच माहीत नव्हतं.

स्वयंपाकघरातल्या फडताळावर एक हातात मावणारा, सेलवर चालणारा जुना रेडिओ होता. तो तिने लावला, काटा दोन स्टेशनांच्या मधल्या मोकळ्या जागेवर नेला. खरखर आली. असल्या रेडिओच्या पोटात एक काळी कांडी आडवी असते. तिचं टोक आवाजाच्या दिशेला धरलं की आवाज गपकन मरतो. बारकी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली आणि रेडिओ हळूहळू फिरवला. आवाज मेला. टोकाची दिशा तिने मनात धरली. मग मधल्या बोळात जाऊन पुन्हा फिरवला. तिथून ओढलेली रेघ आणि दारातून ओढलेली रेघ एकमेकींना जिथे कापत होत्या, तिथे मशीन नव्हतं. मशीन पलंगाच्या डाव्या अंगाला होतं. रेघा भिंतीवर भेटत होत्या, ताईच्या डोक्यामागे.

ती रेडिओ घेऊन पलंगाजवळ गेली तेव्हा खरखर इतकी वाढली की ताई दचकली. "हे काय गं?"

भिंतीत त्या जागी एक जुनी डबी होती, वायरींची, वर्षानुवर्षं कोणी न उघडलेली. झाकण तडकलेलं दिसायला वाईट म्हणून, ताई येणार म्हणून, बारकीनेच त्यावर पुस्तकबांधणीचं निळं कापड खळीने चिकटवलं होतं. आता ताईची उशी नेमकी त्याला टेकलेली होती. बारकीने उशीच्या वरून हात घालून भिंतीला लावला.

भिंत तापली होती.

भिंतीत ठिणग्या उडत होत्या आणि भिंतीला टेकलेल्या उशीत ऑक्सिजन चालला होता. तो कोणी चालू केला होता? तिनेच, आरडाओरडा करून, पाच मिनिटांपूर्वी.

बटण बंद करायला तिला अर्धा सेकंद लागला असेल, पण त्या अर्ध्या सेकंदात तिने डॉक्टरांचं वाक्य पुरतं ऐकलं, दारापर्यंत पोचणार नाही. तिने ताईच्या काखेत हात घातले. "ऊठ. ताई, ऊठ, चल."

"आत्ता तर चालू केलंस, आता—"

"ताई, देवाशपथ, बोलू नकोस, ऊठ!"

अडीअडचणीसाठी दिलेलं छोटं सिलिंडर दाराशी होतं. काटा पाव भागावर, म्हणजे जेमतेम पाऊण तास. एका हाताने ताईला आणि एका हाताने सिलिंडर ओढत बारकीने तिला बाहेर जिन्यात आणलं, पायरीवर बसवलं, नळी जोडली. घरातलं मेन बटण तिने पाडलं. रेडिओ कानाला लावला. खरखर थांबली नाही.

म्हणजे वायर घरातली नव्हतीच.

मॅनेजरला फोन लावला. तो जेवत असावा. "बाई, आधी लिफ्टचा दिवा, मग माझे मासे. आता भिंत? अहो, रेडिओ म्हटलं की खरखर व्हायचीच. सकाळी पाठवतो कोणाला तरी."

"सकाळपर्यंत राहणार नाही काही!"

"तुम्ही जरा पाणी प्या," मॅनेजर म्हणाला आणि फोन ठेवला. त्याचा तरी काय दोष, वर्षभर तिने त्याचं डोकं खाल्लं होतं.

खालच्या मजल्यावर लाँड्री होती. प्रेसवाल्याशी बारकीचं बोलणं कधी मानेच्या होकारापलीकडे गेलं नव्हतं. ती आत घुसली तेव्हा तो वाफेच्या मोठ्या प्रेसमध्ये चादर घालत होता. मशीन नवं कोरं दिसत होतं.

"हे कधी आणलंत?"

"हे?" तो तिच्या चेहऱ्याकडे बघून बावचळला. "तीन आठवडे होतील. हॉटेलच्या चादरींचं काम मिळालं ना. साडेसहाला गठ्ठा येतो, तासाभरात द्यायचा असतो. का हो?"

"बंद करा."

"अहो, पण चादरी—"

"दादा, पाया पडते, एकदा बंद करा!"

त्याने खटका खाली ओढला. बारकीच्या हातातल्या रेडिओची खरखर सुरीने कापल्यासारखी थांबली. दुकानात फक्त वाफेचा उसासा राहिला. प्रेसवाल्याने रेडिओकडे पाहिलं, प्रेसकडे पाहिलं. माणूस कमी बोलणारा होता, पण मठ्ठ नव्हता. त्याने खटका अर्धा क्षण वर केला. चर्र. खाली केला. शांत.

"हे कुठे होतंय?" त्याने विचारलं.

"माझ्या बहिणीच्या उशाशी."

मग त्याने मॅनेजरला फोन केला, आणि मॅनेजर दोन मिनिटांत शर्टाची बटणं लावत हजर झाला. बाईने सांगितलं तर वेड, बाप्याने सांगितलं तर वायर. पण तेव्हा बारकीला ते मनात आणायलाही फुरसत नव्हती. मॅनेजरने गच्चीवरच्या मीटरच्या खोलीत जाऊन अख्ख्या इमारतीची वीज तोडली. जिन्यात अंधार झाला. ताई पायरीवर, बारकी तिच्याखालच्या पायरीवर, मोबाइलच्या उजेडात सिलिंडरच्या काट्यावर नजर लावून. काटा सरकताना दिसत नाही, पण दर वेळी पाहावं तर सरकलेला असतो. ताईचा हात थंड होता. बारकी तो चोळत राहिली.

मॅनेजरने बोलावलेला इलेक्ट्रिशियन आला तेव्हा वीस मिनिटांची हवा उरली होती. तो आणि प्रेसवाला आत गेले. पलंग सरकवल्याचा आवाज आला. "बाई, जरा आत या," इलेक्ट्रिशियनने हाक मारली. त्याचा आवाज उतरला होता.

त्याने डबीवर टॉर्च धरला होता. निळ्या कापडाला मधोमध काळ्या कडेचं भोक पडलं होतं. आत जाड केबलचा सांधा होता, गच्चीवरून खालच्या दुकानात जाणाऱ्या केबलचा. त्याचं प्लॅस्टिक ओघळून गेलं होतं आणि तांबं उघडं पडून काळं झालं होतं. "जुना सांधा, ढिला झालेला. एवढा भार पडला की ठिणग्या मारतो. आता तोडून टाकलाय, घरातली वीज चालू करता येईल. पण हे बघा," तो म्हणाला आणि ताईची उशी त्याने उलटी करून तिच्यापुढे धरली.

उशीच्या भिंतीकडच्या बाजूला तपकिरी ठिपके होते. अभ्र्याला बारीक भोकं पडून आतला कापूस करपलेला. बारकीने मोजले नाहीत. खूप होते.

"हे एका दिवसाचं नाही," इलेक्ट्रिशियन म्हणाला. "आणि इथे ते ऑक्सिजनचं मशीन असतं ना? मग ही पेटली कशी नाही? रोज ठिणग्या पडतायत, वर ऑक्सिजन चालू..."

"चालू नसायचं," बारकी म्हणाली. "त्या तासात बंद असायचं."

तो केबलच्या टोकांना टेप गुंडाळायला लागला.

वीज आली. मशीन बाहेरच्या खोलीत, बारकीच्या टेबलाशेजारी लावलं, आणि ताईला तिथल्याच आरामखुर्चीत बसवलं. मशीन घरघरायला लागलं. लोक गेले. बारकी ताईच्या पायाशी जमिनीवर बसली. पोटातला गोळा गेला नव्हता. उलट आता त्याला आकार आला होता, एका उशीचा.

ताईला वाटलं, बारकी अजून रागावली आहे. तिने हात लांब करून धाकट्या बहिणीच्या पिकल्या केसांवरून फिरवला.

"चुकलं गं माझं," ताई म्हणाली. "परत नाही मशीन बंद करणार. शपथ. मग तर झालं?"

बारकीने ताईचे दोन्ही पाय घट्ट धरून ठेवले.